संकट दोघांच्या मध्ये नको, समोर हवे

ख्रिस्ती विवाहविधीत वधूवर जे वचन देतात, त्यात सुखाच्या जोडीला दुःख, आरोग्याच्या जोडीला आजारपण आणि सुबत्तेच्या जोडीला टंचाईही असते. म्हणजे संकट येणार हे मंडळीने पहिल्याच दिवशी गृहीत धरलेले असते. तरीही ते दारात आले की बहुतेक घरांची तयारी तोकडी पडते. नोकरी जाते, शेतमालाचा भाव कोसळतो, मूल दगावते, आईला अर्धांगवायूचा झटका येतो, नवऱ्याचे पिणे वाढते; आणि काही महिन्यांत मूळ संकटापेक्षा घरातली धुसफूसच मोठी होऊन बसते. अशा घराला आपण सहसा दोन उपदेश करतो: प्रार्थना करा आणि सोसा. दोन्ही चांगल्या मनाने केलेले असतात, पण तेवढ्याने भागत नाही. या लेखाचे म्हणणे असे, की संकटाच्या निव्वळ ओझ्याने नाती क्वचितच मोडतात. ते ओझे कुणी बोलून दाखवत नाही, ते नवरा-बायकोच्या मध्ये येऊन बसते, आणि मग दोघे एकमेकांनाच संकट समजू लागतात. ते मधून उचलून दोघांच्या समोर ठेवावे लागते: त्याचे नाव घ्यायचे, त्याचे माप काढायचे, ते वाटून घ्यायचे आणि देवापुढे मांडायचे. ख्रिस्ती कुटुंबाचे संकटातले पहिले काम हे आहे, आणि पवित्र शास्त्राचा त्याला भरभक्कम आधार आहे.

ओझे नात्यात शिरते कसे

१९८०च्या दशकात अमेरिकेच्या आयोवा राज्यात शेतीवर मोठे अरिष्ट आले. व्याजदर चढले, जमिनीचे भाव निम्म्याहून खाली घसरले आणि कर्ज काढून जमीन वाढवलेली कुटुंबे अडचणीत आली. रँड काँगर, ग्लेन एल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ पासून तिथल्या ४५१ कुटुंबांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यातून एक साखळी स्पष्ट झाली. पैसा कमी पडला की आधी देणी थकतात आणि गरजांना कात्री लागते. त्यातून मन खचते, चिडचिड वाढते. ती चिडचिड जोडीदारावर निघते, आणि आईवडिलांच्या भांडणांतून, त्यांच्या तुसडेपणातून ती मुलांपर्यंत पोहोचते. याच संशोधकांनी १९९९ मध्ये चारशेहून अधिक जोडप्यांविषयी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. जी जोडपी एकमेकांना आधार देत होती, त्यांच्यात पैशाच्या ताणाने मन खचणे कमी दिसले. आणि ज्यांना एकत्र बसून प्रश्न सोडवता येत होता, त्यांच्यात खटके उडूनही संसाराची हानी कमी झाली. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचे आपल्याला काय, असे कुणी म्हणेल. पण भाव कोसळणे, हप्ता थकणे आणि त्याचा राग स्वयंपाकघरात निघणे हा क्रम जालना किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबाला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. साखळी कुठल्या कड्यापाशी तोडता येते हे त्या अभ्यासाने दाखवले. कर्ज एका रात्रीत फिटत नाही. खचलेल्या माणसाने आपले खचणे जोडीदाराला सांगणे मात्र आज रात्री शक्य असते.

पैशाइतकेच, किंबहुना त्याहून जास्त, गैरसमज दुःखातून होतात. ईयोबाच्या बायकोचे उदाहरण घ्या. देवाला शाप देऊन मरून जा, असे नवऱ्याला सांगणारी म्हणून ती प्रवचनांतून शतकानुशतके बोलणी खाते. पण दहा मुले फक्त ईयोबाची गेली नव्हती, तिचीही गेली होती. वैभव लयाला गेले तेही दोघांचे. पुस्तकाच्या शेवटी देवाचा कोप अलीफज आणि त्याच्या दोन मित्रांवर होतो, बायकोवर नाही. एकच दुःख दोघांच्या तोंडून दोन तऱ्हांनी बाहेर पडले, एवढे तरी त्यातून वाचकाने घ्यावे. शोकाचा अभ्यास करणाऱ्या मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलेला विचार याच्याशी जुळतो. शोक करणारा माणूस कधी गमावलेल्याकडे वळतो, रडतो, आठवणी काढतो. तर कधी पुढच्या व्यवहारात स्वतःला जुंपून घेतो. दोन्ही गोष्टी लागतात, आणि माणूस त्या दोहोंमध्ये येरझाऱ्या घालत असतो. संसारात अडचण अशी होते की दोघांच्या येरझाऱ्या एका वेळी एका दिशेने होत नाहीत. बायको मुलाच्या कपड्यांचे कपाट उघडून बसलेली असते, तेव्हा नवरा जादा पाळी मागून घेतो. तिला वाटते, याला दुःखच नाही. त्याला वाटते, ही यातून बाहेर येऊच इच्छित नाही. दोघेही चुकतात, कारण दोघांनी एकमेकांना विचारलेले नसते.

गाऱ्हाणे हीसुद्धा प्रार्थना

विचारले का जात नाही, याचे एक कारण आपल्या मंडळ्यांच्या सवयीत आहे. उपासनेत किंवा कॉटेज मीटिंगमध्ये जी साक्ष दिली जाते, ती बहुतेक वेळा पार पडलेल्या संकटाची असते: आजार होता, बरा झाला, नोकरी नव्हती, मिळाली. अशा साक्षींनी इतरांना बळ मिळते यात शंका नाही. पण ज्यांचे संकट अजून संपलेले नाही, त्यांना त्या सभेत बोलायला जागा उरत नाही. आपला विश्वास कमी पडला असे लोक म्हणतील, या भीतीने ते गप्प राहतात, आणि बाहेर गप्प राहण्याची ही सवय मग घरातही येते. शास्त्र मात्र या बाबतीत आपल्यापेक्षा मोकळे आहे. स्तोत्रसंहितेतली सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे गाऱ्हाण्याची आहेत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. शेवटी आशेची एखादी ओळ जोडण्याची घाई त्याच्या कर्त्याने केलेली नाही. नवरा आणि दोन्ही मुले परमुलखात गमावून बेथलेहेमला परतलेली नामी गावातल्या बायकांना उघड सांगते की देवाने माझे आयुष्य कडू केले. तिच्या या बोलण्याबद्दल रूथच्या पुस्तकात कुठेही तिची कानउघाडणी नाही. उलट तिच्याच घरातून दाविदाचा वंश पुढे जातो. गेथशेमाने बागेत येशूने आपल्या जिवाची तगमग पेत्र, याकोब आणि योहान यांना बोलून दाखवली आणि जागे राहून सोबत करा असे सांगितले. प्रभूला जे सांगावेसे वाटले, ते आपण जोडीदारापासून लपवले म्हणजे आपला विश्वास मोठा ठरत नाही.

यावर शास्त्र जाणणारा वाचक रानातल्या इस्राएलांची आठवण देईल. त्यांनी कुरकुर केली आणि देव त्यांच्यावर कोपला. मग गाऱ्हाणे योग्य कसे? फरक समजून घ्यायला हवा. अनुवादाच्या पहिल्या अध्यायात मोशे म्हणतो, की ते लोक आपापल्या तंबूत बसून कुरकुरले आणि देव आपला द्वेष करतो असे आपसात बोलू लागले. स्तोत्रकर्ता तेच दुःख थेट देवापुढे नेतो, त्याला प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट पाहत थांबतो. कुरकुर पाठीमागे चालते आणि तिला उत्तराची अपेक्षा नसते. गाऱ्हाणे समोरासमोर होते आणि नाते टिकले आहे असे धरूनच केले जाते. हाच निकष घरालाही लावता येतो. बायकोने माहेरी फोन करून नवऱ्याचे वाभाडे काढणे किंवा नवऱ्याने मित्रांत बसून घरच्या कटकटी चघळणे ही तंबूतली कुरकुर आहे. तीच गोष्ट एकमेकांसमोर, सभ्य शब्दांत आणि काही मार्ग निघावा म्हणून मांडली, तर ते गाऱ्हाणे होते.

टिळक दांपत्याचा दाखला

मराठी ख्रिस्ती समाजाला यासाठी लांब जायला नको. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई त्या निर्णयात सोबत नव्हत्या. सनातनी ब्राह्मण घरातल्या त्या स्त्रीच्या दृष्टीने त्या दिवशी संसारच बुडाला. पुढची काही वर्षे दोघे वेगळे राहिले. १८६६ च्या कायद्याने असे ठरवले होते, की धर्मांतरामुळे जोडीदाराने सोबत राहायचे नाकारले तर ख्रिस्ती झालेल्याला ठरावीक मुदतीनंतर न्यायालयाकडून ते लग्न संपवून घेता येईल. टिळकांनी ती वाट धरली नाही. दोघे पुन्हा एकत्र आले तेव्हा लक्ष्मीबाई ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या; त्या काही काळ आपले सोवळे-ओवळे पाळत होत्या, आणि एका घरात दोन श्रद्धा नांदत होत्या. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात पौलाने असाच सल्ला दिला आहे: विश्वास न ठेवणारी पत्नी सोबत राहायला राजी असेल, तर तिला सोडू नये. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, म्हणजे घर आधी सांधले गेले आणि श्रद्धेचे ऐक्य त्यानंतर आले.

पण या संसाराचे उदाहरण घेताना त्यावर सोनेरी मुलामा चढवू नये. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. त्यांत टिळकांचा तापटपणा आहे, हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकण्याची त्यांची खोड आहे, न सांगता घराबाहेर पडणे आहे, आणि त्यावरून झालेली भांडणे तर पानोपानी आहेत. हे सारे त्या मिश्कीलपणे आणि आडपडदा न ठेवता लिहितात. या घरात राग गिळून ठेवण्याची रीत नव्हती. दोघे तोंडावर बोलत, रुसत आणि पुन्हा हसत. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. जिला एके काळी नवऱ्याचा धर्म हे आपल्यावरचे सर्वांत मोठे संकट वाटले, तिनेच त्या धर्माच्या प्रभूचे चरित्र पुरे करावे, हे मुकाट सोसण्यातून घडले नसते. सोसणाऱ्या लक्ष्मीबाईंपेक्षा बोलणाऱ्या लक्ष्मीबाई आपल्याला अधिक शिकवतात.

प्रत्यक्षात काय करावे

सुरुवात वेळ ठरवण्यापासून करा. संकटात असलेल्या घरात कठीण विषय सगळ्यांत वाईट वेळी निघतात: रात्री उशिरा, मुले दाराशी असताना, किंवा वसुलीचा फोन नुकताच येऊन गेलेला असताना. म्हणून आठवड्यातला एक ठरलेला अर्धा तास फक्त याच कामासाठी ठेवा. रविवारी उपासनेनंतर दुपारी जेवणे आटोपल्यावर बसणे अनेकांना सोयीचे पडते. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. एखादे गाऱ्हाण्याचे स्तोत्र मोठ्याने वाचा. आपल्याआधी कुणीतरी देवाशी असे बोलले होते हे कानांवर पडले की जीभ सैल होते. मग प्रत्येकाने पाच-सहा मिनिटे, मध्ये अडवणूक न होता, या आठवड्यात आपल्याला काय जड गेले ते सांगावे. वाक्य ‘तू’पासून सुरू न करता स्वतःपासून सुरू करावे. ‘तुला काही पडलेलीच नाही’ याऐवजी ‘दवाखान्यात एकटीने बसताना मला भीती वाटते’ असे म्हटले, की समोरच्याला बचाव करावा लागत नाही. ऐकणाऱ्याने उपाय सांगण्याची घाई करू नये; आधी आपण काय ऐकले ते परत सांगावे. ईयोबाच्या मित्रांनी सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसून काढले तेवढे ठीक होते. त्यांचे चुकले ते तोंड उघडल्यावर.

संकट पैशाचे असेल तर ते कागदावर उतरवा. बँक, पतपेढी, बचत गट, सोनेतारण, मोबाइलवरून घेतलेले कर्ज, नातेवाइकांची उसनवारी, सावकार, असे प्रत्येक देणे एका ओळीत लिहा: कुणाचे, किती, व्याज किती, हप्ता कधी. लपवलेले देणे उघड करणे हा यातला सर्वांत अवघड भाग असतो, म्हणून एक करार आधीच करावा: या बैठकीत जे उघड होईल, ते पुढच्या भांडणात टोमणा म्हणून वापरायचे नाही. आकडा कितीही मोठा असला तरी अंदाजापेक्षा तो बरा, कारण अंदाजाला सीमा नसते. आकडा दिसला की कुठले कर्ज आधी फेडायचे, बँकेकडे हप्ते पुन्हा बांधून मागायचे का, असे व्यवहाराचे प्रश्न पुढे येतात आणि ‘तुझ्यामुळे झाले’ हा प्रश्न मागे पडतो. सावकार परवान्याशिवाय धंदा करत असेल, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. प्रार्थनेइतकीच ही माहितीही घराला वाचवते.

मग वाटणी. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल एकमेकांची ओझी वाहायला सांगतो आणि तीनच वचनांनंतर प्रत्येकाने आपला भार आपण वाहावा असेही म्हणतो. वरवर पाहता ही विसंगती वाटते, पण घर चालवणाऱ्याला तिच्यातला व्यवहार कळतो. काही कामे दोघांची असतात आणि काही गोष्टींची जबाबदारी ज्याची त्यालाच घ्यावी लागते. अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा हे दोघांचे ओझे आहे. ते सुनेच्या एकटीच्या माथी मारून नवऱ्याने तिच्या सोशिकपणाचे कौतुक करणे हा अन्याय आहे. रात्रीचे औषध, अंघोळ, दवाखान्याची फेरी, रजा कुणी घ्यायची, हे दिवसवार लिहून काढा. नणंद आणि दीर लांब राहत असतील तर पैशाचा किंवा सुटीतल्या काही दिवसांचा वाटा त्यांच्याकडे स्पष्ट शब्दांत मागा. दारू सोडण्यासाठी पाऊल उचलणे, चुकीबद्दल माफी मागणे, औषधे वेळेवर घेणे ही मात्र त्या त्या माणसाची जबाबदारी. ती जोडीदाराने आपल्या अंगावर ओढून घेतली तर प्रेमापोटी त्या दुखण्यालाच खतपाणी मिळते.

आता प्रार्थनेविषयी. २०१० मध्ये नॅथॅनिएल लँबर्ट, फ्रँक फिंचम आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की जोडीदाराच्या भल्यासाठी प्रार्थना केलेल्यांची क्षमा करण्याची तयारी नुसते जोडीदाराचे वर्णन करणाऱ्यांपेक्षा अधिक होती. दुसऱ्या प्रयोगात चार आठवडे एखाद्या मित्रासाठी प्रार्थना करणाऱ्यांतही हेच आढळले, आणि सर्वसाधारण प्रार्थना करणाऱ्यांपेक्षा त्यांची तयारी जास्त होती. प्रयोगशाळेने श्रद्धा सिद्ध झाली असे मानू नये, पण कुणासाठी आणि कशी प्रार्थना करतो याने फरक पडतो, एवढे त्यातून घ्यावे. कौटुंबिक प्रार्थनेत ‘प्रभू, यांना सद्बुद्धी दे, यांचा राग काढून टाक’ असे जोडीदाराच्या देखत म्हणणे म्हणजे डोळे मिटून केलेली कानउघाडणी. त्यापेक्षा त्याच्या दिवसातली एक ठोस गोष्ट घ्यावी: उद्याची मुलाखत, गुडघ्याचे दुखणे, साहेबांची भीती. ती गोष्ट ठाऊक असायला आधी विचारावे लागते, आणि इथेच प्रार्थना आणि संवाद एकमेकांना जोडले जातात. पेत्राच्या पहिल्या पत्रात नवऱ्यांना दिलेली ताकीदही लक्षात ठेवावी: पत्नीला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थनांना अडथळा येईल. म्हणजे पत्नीशी वागण्याला तिथे प्रार्थनेची अट केले आहे.

मुलांना किती सांगावे, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. त्यांच्यापासून सारे लपवता येते, हा समज सोडून द्यावा. शब्द कळले नाहीत तरी आवाजाचा चढ त्यांना कळतो, आणि कारण न सांगितल्यास ती दोष स्वतःकडे घेतात. वयाला पेलेल एवढेच, पण खरे सांगा: बाबांचे काम गेले आहे, काही महिने खर्च कमी करायचा आहे, यात तुझी चूक नाही, आणि आम्ही दोघे मिळून मार्ग काढतो आहोत. हिशेबाचे तपशील आणि जोडीदाराविषयीच्या तक्रारी मात्र त्यांच्या कानी घालू नका. मुलाला साक्षीदार किंवा पंच करणे हा त्याच्यावर अन्याय आहे. मुलांना इतके चिडवू नका की ती खिन्न होतील, हे कलस्सैकरांस लिहिलेले बापांना उद्देशून केलेले सांगणे टंचाईच्या दिवसांत विशेष लागू पडते, कारण आयोवातल्या कुटुंबांप्रमाणे आपल्याकडेही ताण शेवटी त्यांच्याच अंगावर उतरतो.

काही आक्षेप

पहिला आक्षेप अनुभवी माणसांचा: बोलण्याने भांडणे वाढतात, गप्प बसल्याने निभते. काही वेळा ते खरेही असते. दमलेल्या, संतापलेल्या माणसाशी त्याच क्षणी बोलू नये. पण गप्प बसण्याला परतीची वेळ हवी. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका म्हणतो, आणि त्यावरून काही जोडपी मध्यरात्रीपर्यंत वाद मिटवत बसतात. पौलाने त्या ठिकाणी ज्या चौथ्या स्तोत्राचा आधार घेतला आहे, ते स्तोत्र अंथरुणावर पडून मनाशी विचार करायला आणि स्तब्ध राहायला सांगते. दोन्ही एकत्र वाचले तर व्यवहारी अर्थ निघतो: आज थांबू, उद्या संध्याकाळी सहाला बोलू, आणि तोवर तुझ्याशी वैर नाही, असे सांगून झोपावे. रागाचा सगळा हिशेब त्याच रात्री मिटलाच पाहिजे असे नाही. त्याने घरात मुक्काम ठोकू नये, एवढे पुरे.

दुसरा आक्षेप अब्रूचा: घरची गोष्ट बाहेर जाऊ नये. चव्हाट्यावर जाऊ नये हे मान्य. पण मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूने पायऱ्या घालून दिल्या आहेत: आधी दोघांतच बोला, जमले नाही तर एक-दोघांना सोबत घ्या, त्यानंतर मंडळी. याचा अर्थ बाहेरची मदत घेणे शास्त्राला मंजूर आहे, फक्त वर्तुळ एकदम मोठे करायचे नाही. ते एक-दोघे कोण, हे दोघांनी मिळून ठरवावे: पाळक, धर्मगुरू, एखादे पोक्त जोडपे किंवा प्रशिक्षित समुपदेशक. ऐकलेली गोष्ट पुढच्या रविवारच्या प्रवचनात दाखला म्हणून येणार नाही, याची हमी आधी मागून घ्यायला संकोच करू नये. दारूच्या बाबतीत तर एकट्या घराची ताकद सहसा पुरत नाही. पुण्यात १९८६ पासून काम करणारे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा आणि व्यसनी माणसाच्या कुटुंबीयांसाठी चालणारे अल-अनॉनचे गट यांचा आधार घ्यावा. सतत उदास वाटणे, झोप उडणे, जगणे नकोसे होणे ही लक्षणे दिसली तर डॉक्टरकडे जावे. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. लूक वैद्य होता, याचा आपल्या मंडळ्यांना अधूनमधून विसर पडतो.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: पत्नीने अधीन राहावे असे शास्त्र सांगते, मग तिने तोंड उघडणे कितपत योग्य? इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पत्नीविषयीच्या सूचनेआधीचे वचन सर्वांना एकमेकांच्या अधीन व्हायला सांगते, आणि पतीपुढे मापदंड ठेवला जातो तो मंडळीसाठी स्वतःला देऊन टाकणाऱ्या ख्रिस्ताचा. ज्याला प्राण द्यायला सांगितले आहे, त्याला ऐकून घेणे जड जाऊ नये. आणि एक सीमा निःसंदिग्ध हवी. मारहाण, धमकी, लैंगिक जबरदस्ती, उपाशी ठेवणे हे ‘संकट’ या सदरात येत नाही; तो अपराध आहे, आणि आधी जीव सुरक्षित करायचा असतो. या लेखातली एकत्र बसण्याची रीत अशा घराला लावू नये, कारण भीती असताना मोकळे बोलणे शक्य नसते. लग्न अतूट मानणारी कॅथलिक मंडळीही जोडीदारापासून शरीराला किंवा आत्म्याला गंभीर धोका असल्यास वेगळे राहण्याची मुभा देते. धर्मविधीसंहितेच्या ११५३ व्या कलमात ती आहे, आणि काही वेळा असे वेगळे होणे नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरते असे पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’मध्ये लिहिले. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा ख्रिस्ती स्त्रीलाही तितकाच लागू आहे. त्याखाली संरक्षणाचा आदेश, राहत्या घराचा हक्क आणि पोटगी मागता येते. १८१ ही महिला मदतवाहिनी आणि ११२ हा तातडीचा क्रमांक मुलींना विवाहपूर्व वर्गातच द्यायला हवा.

शेवटी एक प्रश्न उरतो: जोडीदार बसायलाच तयार नसेल तर? दोघांचे काम एकट्याने पुरे होत नाही, हे मान्य करूनच बोलले पाहिजे. तरीही एकट्याच्या हाती काही असते. आपल्या बाजूचे खरे सांगायला सुरुवात करता येते, टोमणे थांबवता येतात, हिशेबाची वही उघडी ठेवता येते, त्याच्या दिवसाविषयी विचारता येते. पुष्कळ पुरुष समोरासमोर बसून बोलायला बिचकतात, पण चालताना, दुचाकी पुसताना किंवा भाजी निवडताना बोलतात. तेव्हा अर्ध्या तासाच्या नियमाला चिकटून न राहता ती संधी घ्यावी. ठराविक काळ प्रयत्न करूनही दार बंदच राहिले, तर मत्तयाची दुसरी पायरी चढावी. वाट पाहण्याला मुदत घालणे हा अविश्वास नाही.

मंडळीसाठीही यात काम आहे. विवाहपूर्व वर्गात कर्ज, आजारपण, वंध्यत्व, व्यसन आणि सासर-माहेरच्या जबाबदाऱ्या यांवर वधूवरांना एकमेकांशी बोलायला लावावे, कारण ही सवय गोड दिवसांत लागली तरच कडू दिवसांत उपयोगी पडते. साक्षीच्या सभेत अजून न सुटलेल्या संकटालाही जागा द्यावी, आणि ते मांडणाऱ्याला लगेच उपदेश करण्याऐवजी त्याच्या घरी डबा पोचवावा. ज्या कुटुंबात आज ताण आहे त्यांनी मात्र मंडळी बदलण्याची वाट पाहू नये. या आठवड्यातला अर्धा तास ठरवा, एक स्तोत्र निवडा आणि पहिल्या बैठकीत एकाच प्रश्नाचे उत्तर एकमेकांकडून ऐका: सध्या तुला सगळ्यांत जड काय जाते? त्या उत्तराने संकट टळेल असे वचन कुणी देऊ शकत नाही. पण ते ऐकल्यावर दोघे त्या संकटाच्या एकाच बाजूला उभे राहतात, आणि एकमेकांना दिलेले वचन पाळायला तिथूनच बळ मिळते.